रुबिनाचे एकवीस किलोमीटर

आमच्याकडे थंडी आल्याचं कळतं ते आवाज बंद झाल्याने. वर्षातले आठ महिने इमारतीतले सगळे एसी रात्रंदिवस घरघरत असतात. ती घरघर इतकी अंगवळणी पडते की ती आहे हेच विसरायला होतं. मग डिसेंबरात एका पहाटे जाग येते आणि घरात काहीतरी चुकतंय असं वाटतं. नीट कान दिला की कबुतरांचे पंख ऐकू येतात, खालच्या गल्लीत कुणीतरी गाडीच्या काचेवरचं दव पुसत असतं, शेजारणीच्या हातून पातेलं निसटतं. उत्तरेचा वारा सुटलेला असतो. बहारीनचा हिवाळा असा न सांगता येतो आणि दोन-अडीच महिन्यांत, पाहुण्याने चहा पिऊन उठावं तसा उठून जातो.

ह्या वर्षीही तसाच आला. मी कपाटाच्या तळातून स्वेटर काढले, घरभर डांबरगोळ्यांचा वास झाला. त्यांच्याखालून धावायचे बूट काढले. शिवणींत अरादच्या किनाऱ्यावरची पांढरी माती अजून होती.

"ह्या वर्षी पण?" जॉनने विचारलं. माझा नवरा एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. दिवसभर दुसऱ्यांसाठी पदार्थ चाखून त्याची जीभ घरी आल्यावर फक्त बोलायला उरते.

"शर्यतीत नाव घातलंय," मी म्हटलं.

"जोडीत?"

"एकटीचं."

त्यावर जॉनने माझे बूट उचलले आणि गॅलरीत नेऊन झटकले. लग्नाला तेवीस वर्षं झाली, ह्या माणसाने टोमणा न मारता काही उचलल्याचं मला आठवत नाही.

गेल्या हिवाळ्याची कागदावर नोंद नाही. शर्यतीचा निकाल फोनवर अजून सापडतो. त्यात जोड्यांची यादी आहे. आमच्या जोडीपुढे वेळेच्या जागी एक आडवी रेघ आहे. फिलोमिना, रुबिना आणि रेघ. ती रेघ मी काढली. कशी, ते सांगायला हवं. सांगायला मला आवडत नाही, कारण त्यात मी शहाणी दिसत नाही, आणि शहाणी दिसण्याची मला फार हौस आहे.

रुबिना आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावातली. मीना सलमान बंदरात एका शिपिंगच्या ऑफिसात क्लार्क होती, आणि तिचा नवरा मुश्ताक सलमाबादला गॅरेजमध्ये गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. आमची ओळख सुक्या बोंबलांनी करून दिली. एका दुपारी वॉचमन नाक धरून वर आला आणि दारोदार विचारत सुटला, हा वास कोणाच्या घरचा? मी दार उघडून म्हटलं, माझ्या. तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "नाय, माजा हाय." दोघींनी एकाच दुपारी बोंबील भाजले होते आणि दोघींनाही वाटलं, समोरची आपल्याला वाचवतेय. वॉचमन गेल्यावर आम्ही जिन्यातच बसून हसलो. तिने मला त्याच दिवशी 'आपा', म्हणजे मोठी बहीण, करून टाकलं. वसईच्या कॅथलिक घरात जन्मून कुणाची तरी आपा होईन असं मला वाटलं नव्हतं, पण ते नाव मला 'मॅडम'पेक्षा बरं बसलं.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. लोकांचं रक्त काढणं हे माझं काम आणि त्यांना उपदेश करणं ही माझी खोड. रुबिनाची साखर काठावर आली तेव्हा रिपोर्ट तिच्या हातात देऊन मी म्हटलं, "उद्यापासून चालायचं. पहाटे पाचला खाली ये." ती आली. अबाया, वर मुश्ताकचा जाड कोट, पायात ऑफिसच्या चपला. चालायला तिला मी लावलं, हे मी सगळ्यांना सांगत असे. धावायला ती आपणहून लागली, हे मात्र सांगायचं राहून जायचं.

अरादच्या किल्ल्यामागे खाडीसारखा आत आलेला समुद्र आहे आणि त्याच्याभोवती फिरायचा रस्ता. थंडीत तिथे पहाटे धुकं असतं. विमानतळ जवळ, त्यामुळे उतरणारी विमानं डोक्यावरून इतकी खालून जातात की चाकं मोजावीत. ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यात पाय रोवून रोहित पक्षी उभे असतात आणि हवेला ओला, खारट, किंचित कुजका वास येतो. मी म्हणायची, हा आमच्या मिठागरांचा वास. ती म्हणायची, नाय गो, ह्यो आमच्या खाडीचा, भरती उतरल्यावरचा. ह्यावर आम्ही दोन हिवाळे भांडलो. परदेशात माणसाला वासासाठी भांडायला कुणीतरी लागतं. जॉनला सर्दी असते आणि मुलाला हा वास 'स्टिंक' वाटतो.

धावताना मी पुढे असायची. दोन पावलं. आधी ती नवी होती म्हणून, पुढे सवय म्हणून, आणि खरं सांगायचं तर मला पुढे असायला आवडतं म्हणून. ती मागून म्हणायची, "आपा, वाईच हळू. इतक्या पुढं काय ठेवलाय तुजा?" मी म्हणायची, "तुला ओढतेय. मी हळू झाले तर तू बसशील." किल्ल्याजवळच्या बाकावर एक म्हातारे बहारीनी गृहस्थ थर्मास घेऊन बसलेले असत. दर फेरीला आम्हाला बघून हात उंचावून "यल्ला, यल्ला!" म्हणत, म्हणजे चला, चला. मला वाटे, मला म्हणताहेत.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नावं घातली, आपापली, वेगवेगळी. ही अर्धी मॅरेथॉन. जॉन म्हणाला, "पदक आणून लावणार कुठे? फ्रीजवर?" रुबिनाने मात्र ते पदक आधीच मनात कुठेतरी लावलं होतं. एकदा बाकावर बसून बूट सोडताना तिने सांगितलं, "आपा, मी आयुष्यात सगळा अर्ध्यावर टाकलाय गो. बारावी टाकली, लगीन आला. शिवणाचा क्लास टाकला. हितं गाडी शिकत होतंय, तो पण राह्यला. एक तरी पुरा करायचाय मना." मी म्हटलं, "आणि त्यासाठी अर्धी मॅरेथॉनच शोधलीस?" ती हसली, पण सोडलेली नाडी पुन्हा घट्ट बांधून आणखी एका फेरीला उठली. तेव्हा मला कळलं की हे थट्टेतलं नाही.

त्या शर्यतीत सोळाव्या किलोमीटरला तिच्या पोटरीत गोळा आला. समुद्राकडून वारा तोंडावर येत होता. ती रस्त्याच्या कडेला वाकून पाय दाबत होती. मी जागच्या जागी पाय हलवत, घड्याळ बघत उभी होते. मग मी म्हटलं, "मी होते पुढे, तू ये हळूहळू." आणि गेले. तिने हो म्हटलं की नाही, ते ऐकायला मी थांबले नाही. माझी वेळ चांगली आली. ती आली ती थकलेल्यांना उचलणाऱ्या मागच्या गाडीत बसून, खिडकीला डोकं टेकवून. गाडीतून उतरल्यावर म्हणाली, "आपा, तुजा झाला ना? बरा झाला." तिने कधी ह्याचा उच्चारही केला नाही. तिने दोन शब्द सुनावले असते तर मी उलट चार सुनावले असते आणि मोकळी झाले असते. पदक मी फ्रीजवर लावलं नाही, ड्रॉवरमध्ये टाकलं.

म्हणून पुढच्या हिवाळ्यात मीच म्हटलं, ह्या वेळी जोडीत नाव घालू. जोडीचा नियम असा की दोघींनी पूर्ण अंतर धावायचं आणि दोघी पोचल्या तरच जोडी यादीत. एक बसली की जोडी बाद. "मना सोडून जाशील म्हनून सोताला बांधून घेतंस काय?" रुबिनाने विचारलं. मी म्हटलं, "फार बोलतेस. उद्या दहा किलोमीटर."

तो हिवाळा मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. शुक्रवारी सकाळी लांबची धाव झाली की तिच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि माझ्याकडचा उकडलेला बटाटा, मीठ लावून. वाफाळलेले श्वास. तिच्या डोक्यावरच्या स्कार्फला धुक्याचे थेंब लागत आणि उजाडल्यावर ती ते झटकायची. आमच्या रॉनीला एकदा तिने विचारलं, "तुजी ममा घरात पण पुढं पळते काय रं?" तो म्हणाला, "ऑलवेज, आंटी. इव्हन टू द बाथरूम." त्याला मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की त्याच्या तोंडातून इंग्रजीच येतं. ते दोघे टाळ्या देऊन हसले आणि मी ओट्याकडे तोंड करून चहा गाळत राहिले.

जानेवारीत गावाहून फोन आला. रुबिनाच्या सासूबाई अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. बघणारं कुणी नव्हतं. आठ दिवसांत ठरलं. मुश्ताक इथेच राहणार, रुबिना व्हिसा कॅन्सल करून जाणार. सुटीवर नव्हे, कायमची. तिने तिकीट काढलं ते शर्यतीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारचं. मुश्ताक माझ्याकडे येऊन म्हणाला, "आपा, तिला म्या बोललंव, आधी जा. तर बोलते, एकवीस करून जाईन, नायतर जन्मभर तुला ऐकवीन. मी घाबरलंव." मग म्हणाला, "होईल ना तिचा?" मी म्हटलं, "मी आहे ना."

शर्यतीच्या आदल्या दिवशी पाऊस आला. ह्या देशात पाऊस म्हणजे गंमत असते. दोन तास पडतो आणि रस्त्यांची तळी होतात, कारण पाणी जाणार कुठून ह्याचा विचार कुणी केलेला नसतो. शर्यत एक आठवडा पुढे गेली. पण एक आठवडा पुढे म्हणजे रमझानचा पहिला शुक्रवार. त्याच आठवड्यात आमचा राखेचा बुधवार आला होता, म्हणजे आमचे उपासाचे दिवसही सुरू. मी कपाळाला राख लावून चर्चमधून परतले तेव्हा रुबिना जिन्यात फोन हातात घेऊन बसली होती. शर्यत आता दुपारी तीनला सुटणार होती आणि सूर्यास्ताला रस्ता मोकळा करायचा होता, सगळ्यांना इफ्तारला घरी पोचता यावं म्हणून.

"एक दिवस सोड," मी म्हटलं. "मागाहून भरून काढ. चालतं ना तुमच्यात?"

"आजारी मानसाला चालता. प्रवाशाला चालता. मी धडधाकट हाय."

"मंगळवारी तू प्रवासीच आहेस."

"शुक्रवारी नाय." मग हळूच म्हणाली, "अल्लानं रोजा माफ असता ते चार दिवस तरी शर्यतीला घालायचे होते. गेल्याच आठवड्यात दिलान." आम्ही दोघी तोंडावर हात धरून हसलो. हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "पाय माजे हाईत आपा, त्यांना काय पन करायला लावीन. रोजा माजा नाय, त्याचा हाय." अडीच तास, एकवीस किलोमीटर, पाण्याचा थेंब नाही. माझ्या लॅबमधल्या कुठल्याही पेशंटने हे सांगितलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. तिला मी म्हटलं, "हळू जाऊ. मी सोबत राहीन."

आणि इथे मी माझा मूर्खपणा केला. शुक्रवारी पहाटे चारला वरून तिच्या स्वयंपाकघरातला आवाज आला, सहरीचा, रोजा सुरू होण्याआधीच्या खाण्याचा. मी अंथरुणात पडून ऐकत होते. मनात आलं, ही कोरड्या घशाने धावणार आणि मी बाजूने घटाघटा पाणी पिणार? गेल्या वर्षी टाकून गेले ते गेले, ह्या वर्षी तिच्या डोळ्यांदेखत पाणी पिऊ? मी उठले, दोन केळी आणि पावाचा तुकडा खाल्ला, दोन ग्लास पाणी प्याले आणि त्यानंतर तोंडात काही घ्यायचं नाही असं ठरवलं. जॉनला सांगितलं नाही. रुबिनाला तर मुळीच नाही. सांगितलं असतं तर तिने दोन मिनिटांत वेड्यात काढलं असतं. मला हे गुपचूप करायचं होतं आणि शेवटी, शर्यत संपते त्या गेटच्या पलीकडे, तिच्याबरोबर खजूर तोंडात टाकताना सहज सांगायचं होतं, "माझाही होता गं." तो प्रसंग मी मनात चार-पाच वेळा रंगवलाही. प्रायश्चित्त करतानासुद्धा आपण कशा दिसू हे मी पाहत होते.

आता ती मला गावाहून शुक्रवारी फोन करते. मागे कोंबड्यांचा आवाज असतो. मी पहिल्यांदा विचारलं होतं, धावतेस का? "हितं? हितं बाई धावली की लोकं काठ्या घेऊन येतील, कुत्रा लागलाय काय मागं बघायला." सासूबाई आता काठी धरून उभ्या राहतात. रुबिना त्यांना रोज अंगणात चालवते. "वीस पावलं जातात. काल पंचवीस. मी बाजूला राहतंय हां आपा, पुढं नाय जात." मी म्हटलं, "टोमणा मारतेस?" ती म्हणाली, "नाय तर काय." आणि दोघी बराच वेळ हसलो. फोन ठेवल्यावर मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. वरच्या मजल्यावर आता एक केरळी कुटुंब आहे. चांगली माणसं आहेत, मासे तळतात नारळाच्या तेलात.

त्या शुक्रवारी तीनला शर्यत सुटली. ऊन कोवळंच होतं, पण वारा कोरडा. पहिले दहा किलोमीटर फार सुंदर गेले. मी माझ्या सवयीने दोन पावलं पुढे, ती मागे, तिचा श्वास मला ऐकू येत होता, एकसारखा. पाण्याच्या टेबलांवरून मी "नंतर, नंतर" म्हणत हात हलवत पुढे जात होते. बाराव्याला तिने विचारलं, "आपा, पानी नाय घेतलास?" मी म्हटलं, "तहान नाही." चौदाव्याला मला थंडी वाजायला लागली. पंधराव्याला रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघेच्या दोन रेघा झाल्या. सोळाव्याला ती माझ्या शेजारी आली आणि मग, पहिल्यांदाच, जरा पुढे. तिने वळून माझा चेहरा पाहिला. सतराव्याच्या पाटीशी मी फुटपाथच्या कडेला बसले.

"कदी खाल्लंस?" तिने विचारलं.

"पहाटे."

"पानी?"

मी नकारार्थी मान हलवली. तिला एका क्षणात सगळं समजलं. मी तिला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तुला कुनी सांगितलान? आं? मी पंधरा वर्साची हुते तवापासून रोजे धरतंय. माज्या अंगाला म्हायत हाय. तुजा बुधवारचा एक उपास, त्यात पन तू चा पितंस! माज्यासाटी केलंस? माज्यासाटी पानी प्यायचा हुता गो, पानी! तुज्या रोज्यानं माजा रोजा कठीन केलास."

तिच्या ओठांच्या कडा पांढऱ्या झाल्या होत्या. त्या कोरड्या तोंडाने ती ओरडत होती आणि मला तेवढ्यातही वाटलं, हिचा घसा सुकेल, हिने ओरडू नये. मागून येणारी गाडी, जी शेवटच्या धावणाऱ्याच्या मागे असते, ती आमच्याशी येऊन थांबली. म्हणजे आम्हीच शेवटच्या होतो. गाडीतून पांढऱ्या दाढीचे एक बहारीनी गृहस्थ उतरले. त्यांनी पाण्याची बाटली दिली. रुबिनाने ती माझ्या हातातून घेऊन झाकण उघडलं आणि माझ्या तोंडाला लावली. पाणी तिच्या बोटांवरून ओघळत होतं. मी पीत होते आणि ती बघत होती. सूर्य खाली आला होता.

त्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, दोनों बैठो. टाइम नहीं. इफ्तार. खलास."

"खलास नहीं," रुबिना म्हणाली.

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. राग ओसरला होता. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. जोडी बाद झालीच होती. ती बसली काय, धावली काय, यादीत रेघच येणार होती. चार किलोमीटर उरले होते, त्यांना कुणी विचारणार नव्हतं.

"आपा," ती म्हणाली, "जाव?"

तिने मला विचारलं. एवढंच सांगायचंय मला. आदल्या वर्षी मी हिला विचारलं नव्हतं.

"जा," मी म्हटलं. "जा गो, यल्ला." माझा आवाज फुटला आणि मी रडले, त्या परक्या गृहस्थांसमोर, हातात प्लास्टिकची बाटली धरून. ती उठली, स्कार्फ नीट केला आणि गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. तिने पाहिलं असतं तर तिचे पाय थांबले असते, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मला त्यांनी पुढच्या सीटवर बसवलं. गाडीचं काम शेवटच्या धावणाऱ्याच्या मागे राहायचं, म्हणून आम्ही तिच्या मागे राहिलो, पायी चालावं तितक्या वेगाने. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला उशीर होतोय, इफ्तारचा. ते म्हणाले, "मुश्किल नहीं. वो भी सायम, मैं भी सायम." सायम म्हणजे रोजेदार, हे मला माहीत होतं. थोड्या वेळाने एका मशिदीतून बांग सुरू झाली, मग दुसरीतून, मग सगळीकडून. त्यांनी डब्यातून एक खजूर स्वतः घेतला, एक माझ्या हातावर ठेवला आणि गाडी हळूच तिच्या शेजारी नेली. "तुम दो," ते म्हणाले. मी खिडकीतून हात बाहेर काढला. तिने न थांबता खजूर घेतला, ओठांनी काहीतरी पुटपुटली, तोंडात टाकला. मग बाटली घेतली, चालत चालत तीन घोट प्याली, बाटली माझ्या हातात परत दिली आणि पुन्हा धावायला लागली. माझ्याकडे तिने तेव्हाही पाहिलं नाही. गाडी पुन्हा मागे झाली.

अंधारून येत होतं. लांब गेटवरचे दिवे लागले होते. ती पोचणार हे मला कळलं, त्या गृहस्थांना कळलं, आणि तिच्या खांद्यांवरून दिसत होतं की तिलाही कळलंय. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दोन हिवाळे, एवढे शुक्रवार, एवढ्या फेऱ्या झाल्या आणि रुबिना धावते कशी ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मी पुढे असायची, मला तिचा श्वास तेवढा माहीत. तिची डावी टाच बाहेरच्या बाजूला जरा उडते. उजवा हात ती अंगाशी घट्ट धरते, कमरेवर हंडा असल्यासारखा. मान सरळ. मी तिला ओढत होते म्हणे. कुणीही ओढत नव्हतं आणि ती किती छान धावत होती.

गाडीच्या दिव्यांचा झोत तिच्या पाठीवर पडत होता, पावलांभोवती उजेड हलत होता. आमच्यामुळे तिला कुणीतरी मागे लागल्यासारखं वाटत असेल, असं मला वाटलं.

"थोडा पीछे लो," मी त्या गृहस्थांना म्हटलं.

त्यांनी गाडी सावकाश केली. ती उजेडातून पुढे सरकली.

"और पीछे," मी म्हटलं. "और थोडा."